एका सुरातलं 'नो नीन'

राइली पेसोनेन सत्तावन्न वर्षांची, आणि कागदावर ती कुणीच नाही. उत्तर फिनलंडातल्या एका अध्यापक महाविद्यालयात ती अकरा वर्षं होऊ घातलेल्या मास्तर-मास्तरणींना शिकवते, की ज्या मुलाला बोलता येत नाही, हात हलवता येत नाही, त्याच्यासमोर बोलकं यंत्र कसं मांडायचं. पण वेळापत्रकात तिचं नाव 'सहाय्य' या रकान्यात. गुण देतो प्राध्यापक तोर्स्ती, सही करतो तोर्स्ती. यंत्राची वायर कुठं खोचायची हे त्याला अजून माहीत नाही, पण पदवी आहे ना!

राइलीचं शिक्षण झालं शाळेच्या स्वयंपाकघरात. सोळा वर्षं तिनं पोरांना बटाटे आणि मासळीचं सार वाढलं. कुणाला आणखी हवंय, कुणाला वासानंच मळमळतंय, हे ती न बोलणाऱ्या पोरांच्या डोळ्यांवरून ओळखायची. मग वर्गात मदतनीस झाली. मोडकी यंत्रं घरी नेऊन उघडली, न कळलेल्या गोष्टींसाठी कंपनीला फोन करून भांडली आणि शिकली.

त्या मंगळवारी साइमाचं मूल्यमापन होतं. साइमा अकरा वर्षांची, चाकाच्या खुर्चीत, मान पट्ट्यानं आधारलेली. समोरच्या पडद्यावरच्या ज्या चौकोनाकडे ती टक लावून बघेल, तो शब्द यंत्र बोलणार. यंत्र नगरपालिकेनं उसनं दिलेलं. 'शब्द अर्थ समजून वापरते' या रकान्यात नकार आला, तर ते परत जाणार. म्हणजे पोरीची वाचाच परत जाणार. पाठ घ्यायला तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी हिल्ला होती. शेजारी तोर्स्ती बसलेला, तिच्या टिपणावर सही करायला. राइलीनं भिंतीशी उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही.

पडद्यावरचं पान तोर्स्तीनं बनवलेलं. कोल्हा, ससा, हरीण, चार रंग, आणि कोपऱ्यात 'नो नीन'. हो-नाहीचं पान कुलूपबंद, कारण परीक्षेत पान बदलायचं नाही.

नो नीन म्हणजे आपलं 'चला'. चला, सुरू करू. चला, संपलं. चला, आता जीव नका खाऊ. इथला माणूस सुरावरून बरोबर ओळखतो. यंत्राला मात्र सूर एकच, बातम्या देणाऱ्या बाईचा.

"साइमा, कोल्हा कुठंय?"

"कोल्हा," यंत्र म्हणालं.

"शाब्बास! ससा?"

"ससा." आणि लगेच, "नो नीन."

"नो नीन! चला, पुढचा!" हिल्ला खूश. "हरीण?"

"नो नीन."

"बघा, किती उत्साह आहे हिला!"

सातव्या वेळी मात्र हिल्लाचा चेहरा पडला. तिनं वहीत लिहिलं, 'एकच शब्द अर्थाशिवाय पुन्हा पुन्हा.' राइलीला भिंतीपासून ते उलटं वाचता आलं. ताटं वाढताना समोरच्याची यादी उलटी वाचायची सवय होती.

"ती थांबा म्हणतेय," राइली बोललीच.

"राइली," तोर्स्ती म्हणाला, "तू सहाय्य आहेस."

"सहाय्यच करतेय. तुझं डोकं चालू होईना म्हणून."

हिल्ला गोंधळली. "पण ती तर चला म्हणाली!"

"तुझी आई भांडं आपटून नो नीन म्हणते, तेव्हा काय करतेस? उत्साहानं नाचतेस?"

हिल्ला कानापर्यंत लाल झाली. "गुपचूप खोलीत जाते."

"मग? हिच्याकडे आपटायला भांडं नाही, एवढाच फरक."

राइली तीन पावलांत पडद्याशी पोचली. परवलीचा शब्द तिला ठाऊक होता, तिनंच तो बसवला होता. एका रिकाम्या चौकोनात तिनं 'पुरे' टाकलं.

साइमाचे डोळे तिथं गेले ते तिथंच राहिले. "पुरे," यंत्र म्हणालं.

"ऐकलंस, तोर्स्ती?" राइलीचा आवाज चढला. "साइमा, पुन्हा म्हण! त्याच्याकडे बघून म्हण!"

"पुरे."

"अजून एकदा, जोरात..."

"पुरे. पुरे."

 पोर आता राइलीलाच थांबवत होती. तोर्स्तीनं तिला सशासाठी नाचवलं, राइलीनं तोर्स्तीला हरवण्यासाठी. फरक काय राहिला? तिनं हात खिशात घातले आणि मागं सरली.

हिल्ला आता पहिल्यांदा पडद्याऐवजी पोरीकडे बघत होती. मानेचा पट्टा कानाखाली रुतून कातडी जांभळी झाली होती. हिल्लानं तो दोन भोकं सैल केला. साइमानं डोळे मिटून घेतले. हिल्लानं वहीतली ओळ खोडली आणि लिहिलं, 'थांबायला सांगितलं. आम्हाला उशिरा कळलं.'

तोर्स्तीनं ते वाचलं, पेन खाली ठेवलं. "पान मध्येच बदललं. मूल्यमापन रद्द. मार्चमध्ये पुन्हा. तोवर यंत्र तिच्याकडे राहील, माझा नाइलाज आहे. पण मार्चमध्ये, राइली, तू या खोलीत नसशील."

"लिहून दे," राइली म्हणाली. त्यानं खरंच लिहून दिलं.

तो गेल्यावर हिल्लानं विचारलं, "मार्चमध्ये पान परत त्याचंच असणार. कुलूपही नवं. मग?"

"पान पाठ घेणाऱ्यानं बनवायचं, असा नियम आहे. नियम कुणी वाचत नाही, म्हणून तो बनवतो."

"मला नाही येत बनवायला."

"अकरा वर्षं हेच ऐकतेय मी! रिकामा चौकोन दाब, शब्द टाइप कर, जतन कर. आलं? आता कुठला शब्द घालायचा ते मला विचारशील तर बघ. तिला विचार. आणि उत्तराला वेळ दे, घाई करू नकोस."

हिल्ला खुर्ची ओढून साइमासमोर बसली. साइमाची टॅक्सी यायला वीस मिनिटं होती. राइली बाहेर गेली, दार लावून काचेपाशी उभी राहिली. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मार्चची सवय आत्तापासून केलेली बरी.