कानाशी वाकलेली माणसं
ही गोष्ट मी वीसेक वर्षं टाळत आलो. काल नातीच्या खोडरबराचा वास आला आणि ठरवलं, आता लिहून टाकायची. तेव्हा मी भिवंडीत चित्रकलेचे वर्ग घ्यायचो. दिघाशीहून आलेल्या एका लूम कामगाराची मुलगी वर्गात होती. इंटरमीजिएटची परीक्षा देऊन तिला चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. हात चांगला होता, पण बोलणारी दोन माणसं काढायला सांगितली की हिची माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून उभी! मी खोडायचो, ती पुन्हा तशीच काढायची. "अगं, ही बोलतायत की कान चावतायत?" मी म्हणायचो आणि वर्ग हसायचा. "असंच बोलतात, सर," ती हळूच म्हणायची. शेवटी मी इतका वैतागलो की कागद फाडला. म्हटलं, "आधी माणूस सरळ उभा करायला शीक, मग परीक्षेचा फॉर्म भर." ती यायचीच थांबली. महिन्याभराने तिच्या वडिलांना भेटायला कारखान्यात गेलो. मागांच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू येईना आणि केसांवर सुताची भुरी पडलेला जो तो दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून बोलत होता. तिचे वडीलही माझ्या कानाशी वाकले. "फॉर्मची तारीख गेली ना सर, शिलाईला लावली तिला. पन पोरीचं काय चुकलं व्हतं?" मी "सहज आलो होतो" एवढंच म्हणालो आणि बाहेर पडलो. म्हणायला हवं होतं ते हे: तिचं काही चुकलं नव्हतं, तिने पाहिलं तेच काढलं होतं. चूक माझी होती. मला माफ करा, आणि तिलाही तसं सांगा.