कोरी टाच

अख्ख्या सुरतेत माणसाची पारख टाचेवरून करणारा एकच इसम आहे आणि तो आमच्या मशिदीत दर रविवारी मुलांना नमाज शिकवतो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मूळचे आमच्यासारखेच धुळ्याकडचे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्यात जन्म गेला, त्यामुळे वजू करताना, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुताना, पोरांच्या टाचेला पाणी लागलं नाही की चाचा मिलमधल्यासारखे ओरडतात, "माल कोरा राहिला! परत!" मी बी.कॉम. झालो, आमच्या घराण्यातला पहिलाच, म्हणून छाती फुगवून पेढे घेऊन गेलो. चाचांनी पेढा तोंडात टाकला, माझ्या पायांकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "डिग्री पक्की रे भाऊ. टाच कोरी."

पोरांना ते मारत नाहीत, रागावतही नाहीत. सलाम करायला विसरलेल्या पोराला आधी स्वतःच सलाम करतात, तोही इतका वाकून की पोरगं लाजून कान धरतं. माझा मुलगा अयान आधीच्या दोन वर्गांतून पळून आलेला, इथे मात्र रविवारी मलाच उठवतो. पण नमाजेत मागच्या रांगेतून खुसखुस यायची आणि म्हातारे चिडायचे. शेवटी ट्रस्टींनी बजावलं, "येत्या रविवारी आवाज आला तर वर्ग बंद." चाची गेल्यापासून चाचांना दुसरं होतंच काय? आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

रविवार आला. चाचा पुढच्या रांगेत, पोरं मागे. सगळे कपाळ जमिनीला टेकवून सजद्यात गेलो. मागे एवढी शांतता की मलाच धडकी भरली. आणि तेवढ्यात पुढून खणखणीत आवाज आला, "अरे, पळाले की काय सगळे?"

चाचाच! मी ओठ चावून धरला. मागून मात्र हूं की चूं नाही. नमाज संपली, चाचा मान खाली घालून उभे राहिले. "मध्येच बोललो, माझी नमाज कोरी गेली. परत पढतो." ट्रस्टींनी दाढीत हसू दाबलं. "वर्ग चालू राहील. पण चाचा, तुम्ही यापुढे मागच्या रांगेत, मुलांच्या देखरेखीखाली!" तेव्हा कुठे पोरांना हसू फुटलं, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

आता चाचा त्याच रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढतात. गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून पोरं वजू करून येतात, पाठ वळवून एकेक टाच उचलून दाखवतात. परवा मीही दाखवली. चाचांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले. "आता नीट दिसत नाही रे. तू म्हणतोस तर ओली असेल."

मी नळावर गेलो आणि परत धुऊन आलो.