दिवसाआडचा ताप आणि माझी माती

निसर्गोपचार मी आधी छापील कागदावर वाचला आणि मग वैनींच्या पोटावर लिंपला. दोन्ही कामं सारख्याच जोरात केली.

त्या काळी टेंभुर्णीच्या बाजाराला पलीकडच्या वऱ्हाडातून एक मारवाडी कापडवाला यायचा. त्याच्या गाठोड्यात धोतरांच्या घड्यांमधून पुस्तिका यायच्या. निजामाच्या हद्दीत कोणता कागद कोणाला खुपेल याचा नेम नसल्यामुळे तो सगळ्याच लपवून आणी. खादीवरच्या, शेतसाऱ्यावरच्या, आणि आजाऱ्याला उपाशी ठेवून मातीनं बरं करण्यावरच्याही. एकाच घडीतून निघाल्यामुळे मला त्या सगळ्या सारख्याच क्रांतिकारक वाटत.

मी त्या मोठ्यानं वाचायचो आणि वैनी चुलीपुढं भाकरी थापत ऐकायच्या. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पुढं वाढवलं ते वैनींनी. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण मधेच हात थांबवून विचारायच्या, "भावजी, हे लिहिणारा सोता उपाशी ऱ्हायला व्हता का?" मला राग यायचा. मी पान उलटून आणखी मोठ्यानं वाचायचो.

मी एकोणीस वर्षांचा असताना, पावसाळा सरता सरता वैनींना थंडी वाजून ताप आला. दादा म्हणाला, "जाफराबादला सरकारी दवाखान्यात नेऊ. क्विनाईन देतील."

मी उसळलो. सरकारी बाटली म्हणजे परक्यांनी विकलेलं विष, शरीर स्वतःला बरं करतं, त्याला फक्त माती, पाणी आणि लंघन द्या! पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं.

दादानं वैनींकडं पाहिलं. त्या गोधडीतून म्हणाल्या, "भावजी म्हनतील तवा जाऊ."

मग मी कामाला लागलो. शेतातली काळी माती वस्त्रगाळ केली, थंड पाण्यात मळली, फडक्यावर थापून त्यांच्या पोटावर ठेवली. मीठ बंद, चहा बंद, दोन वेळा लिंबूपाणी. आणि एक वही सुरू केली. कारण मी अडाणी भगत नव्हतो. मला पुरावा हवा होता. रोजचा वार, ताप आला का, किती वाजता, सगळं लिहायचो.

सोमवारी ताप. मंगळवारी बिलकुल नाही. मी वहीत लिहिलं, 'मातीचा विजय.'

बुधवारी सकाळी पाहतो तर वैनी शेजारच्या गोठ्यात जाऊन बसलेल्या! आमच्याकडच्या बाया दिवसाआडच्या तापाला असं चुकवत. त्याची पाळी असेल त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं. ताप आपल्या घरी येतो, माणूस सापडत नाही, परत जातो. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि अंगणात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं अंधश्रद्धेवर भाषण दिलं. तापाला काय वार कळतो? तापाला काय घर माहीत असतं?

दुपारी ताप आला. मी म्हणालो, गोठ्यातली घाण बाधली. शुक्रवारी आला तेव्हा म्हणालो, चोरून मीठ खाल्लं असेल. रविवारी आला तेव्हा दादाच्या विडीचा धूर. मंगळवारी वैनींना तांब्या उचलवेना. दादा माझ्याशी बोलायचा थांबला.

बुधवार बाजाराचा. तालुक्याचे डॉक्टर देवीची लस टोचायला चावडीवर आले होते. हैदराबादेकडचे, पिकल्या दाढीचे, घामानं शेरवानी भिजलेली. मी वही काखेत मारून गेलो. चार माणसांत त्यांच्याशी वाद घालायचा आणि जिंकायचा, असं मनात होतं.

"क्यों मियां, मिट्टीवाले हकीम तुम्हीच क्या?" ते म्हणाले. गावानं आधीच सांगितलेलं दिसत होतं. माणसं हसली.

मी म्हणालो, "माझ्याकडे लेखी पुरावा आहे."

"अच्छा? पढो तो. सिर्फ बुखार के दिन पढो."

मी वाचलं. सोमवार. बुधवार. शुक्रवार. रविवार. मंगळवार.

"वक्त?"

दुपार. दुपार. दुपार. वाचता वाचता माझा आवाज खाली येत गेला.

"अब कब आएगा?"

"उद्या," मी म्हणालो. "दुपारी."

ते हसले नाहीत. बायांची भाबडी समजूत म्हणून मी जिची अंगणात टिंगल केली होती, तिच्यातली अर्धी गोष्ट खरी होती, आणि माझ्याच अक्षरात ती पाच वेळा लिहिलेली होती. तापाला वार कळत होता. मलाच कळला नव्हता.

डॉक्टरांनी कागदात गोळ्या बांधल्या. "सिर को ठंडी पट्टी रखो, मैं कहां मना करता? पर इस बुखार को ये दवा होना. ये भी झाड की छालिच है, मियां. कुदरत का माल."

घरी आलो. पुडी वैनींच्या उशाशी ठेवली आणि उभा राहिलो.

"काय आनलं?"

"क्विनाईन."

"तुमी म्हनता घ्याया?"

"हो. माझं चुकलं, वैनी. हा दिवसाआडचा ताप आहे."

त्या फिकट तोंडानं हसल्या. "ते साऱ्या गावाला ठावं हाय की."

"मग बोलला का नाही?"

"तुमी लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायचे ना, तसेच मन लावून मळून राह्यले व्हते. मोडाया जीव झाला न्हाई."

मला ओरडावंसं वाटलं, की जीव जात होता तुमचा! पण ते ओरडायचा हक्क माझ्याकडं उरला नव्हता. मी पाणी पुढं केलं. त्यांनी गोळी घेतली, तोंड असं वाकडं केलं की दादासुद्धा हसला.

गुरुवारी ताप आला, पण थोडा. गोळ्यांनी कानात भुंगा शिरल्यासारखं होतं म्हणून त्या दिवसभर माझ्यावर चिडल्या, आणि मला ते चिडणं फार बरं वाटलं. शनिवारी आम्ही दोघं भाऊ दुपारभर ओट्यावर बसून राहिलो. ऊन भिंतीवरून उतरलं. थंडी वाजली नाही.

वैनी उठल्या, घागर उचलायला गेल्या. मी ती काढून घेतली आणि आडावर गेलो. बाप्या माणूस घागर घेऊन आलेला पाहून बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"हकीमसाहेब, माती भिजवाया का?" एकीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो, "वैनींना प्यायला." आणि दोर आडात सोडला.