साडूची मोटार आणि रेशमाच्या खुणा

मनापासून मत्सर करावा असा एकच माणूस देवानं माझ्या वाट्याला दिला, आणि तोही नेमका साडू करून दिला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला टाळता येत नाही, त्याच्याशी भांडता येत नाही, आणि सासुरवाडीत त्याच्या ताटात काय पडलं हे बघितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या साडूच्या ताटात तर सासऱ्यांची मोटार पडली. गोल बोनेटची, हस्तिदंती रंगाची. खुशामत करून त्यानं ती लाटली, असं मी आजवर सगळ्या गणगोतात सांगत आलो. ते खोटं आहे. सासऱ्यांनी आधी मलाच विचारलं होतं. दिवे लागत नव्हते; मी बोनेटमध्ये डोकावलो आणि म्हणालो, "मामा, भंगारात काढा." साडू मात्र इस्त्रीच्या शर्टानिशी स्टिअरिंगखाली आडवा झाला, तो पानं वाढून झाली तरी बाहेर आला नाही. सासऱ्यांनी त्याचं ताट मोटारीतच पाठवलं.

तेव्हापासून हा गृहस्थ त्या मोटारीचा डॉक्टर आहे, आणि हर्सूलच्या त्याच्या घरामागची पत्र्याची शेड हा त्याचा दवाखाना. चहाला थांबला तरी बॅटरीची तार काढून ठेवतो. "करंट अन् जावई मोकळा सोडायचा नसतो, साडूभाऊ," हे तो माझ्याकडं बघूनच म्हणतो. करंट येतो का बघायला दोन तारा जोडलेला एक बारका बल्ब कायम त्याच्या खिशात असतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवातले दिवे गेले, तर हा अक्षता मुठीत तशाच धरून, बल्ब घेऊन स्टेजमागं गेला. मोटारीतल्या तारांचे मूळ रंग उडून सगळ्या मातकट झाल्यात, म्हणून पैठणच्या मावशीच्या मागावरचे उरलेसुरले रेशमाचे धागे आणून त्यानं प्रत्येक तारेला खूण बांधली. हेडलाइटला पोपटी, हॉर्नला मोरपंखी, ब्रेकच्या दिव्याला जांभळा. एका मिस्त्रीनं बोनेट उघडलं आणि हात जोडले, "चाचा, ये गाडी है की दुल्हन?" साडूला तो आपला गौरव वाटला.

तिचा पेट्रोलचा काटा मात्र त्याला कधी वश झाला नाही. डावा इंडिकेटर लावला की त्याच्या ठेक्यावर काटाही नाचायचा. एकदा आम्ही चौघं पाचोडच्या बाजाराहून येताना काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी. "काटा लबाड नाय, साडूभाऊ," स्टिअरिंगखालून आवाज आला, "त्याला बॉडीची अर्थिंग मिळत नाय. तुम्ही तेवढं पेट्रोल आणा." मी उन्हातून कॅन घेऊन आलो, तर दोघी बहिणी मागच्या सीटवर पेरू खात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. माझी एसीची गाडी आजवर रस्त्यात कधी बंद पडली नाही. तिच्यात असं कुणी हसलंही नाही.

यंदा मोटारीची पुन्हा नोंदणी करायची वेळ आली. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक सगळं चोख लागतं, आणि साडूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्याच्या पोरानं बजावलं, "पप्पा, नापास झाली की विकायची. काका घेतो म्हणालेत." म्हणालो होतो, हे खरं. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या तारा सोडून पुन्हा घट्ट जोडायला साडूनं मलाच बोलावलं.

"मोरपंखी अन् जांभळा मला एकच दिसायलेत," आडवा पडल्या पडल्या तो म्हणाला. "मी तार वढतो, तुम्ही रंग सांगा."

त्यानं तार ओढली. जांभळा होता. मी मोरपंखी म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर ब्रेक दाबताच हॉर्न वाजला असता आणि गाडी माझ्या दारात आली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता. तो बिचारा प्रसादाला पसरावा तसा हात पसरून वाट बघत होता.

"जांभळा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. अन् तो डाव्या बाजूचा बोल्ट गंजलाय, तो घासा. अर्थिंग तिथंच तुटतीय."

स्टिअरिंगखालून त्याचं डोकं बाहेर आलं. "हे कधी बघितलंत?"

"तुमची गाडी आली की दुसरं काय बघतो मी?"

त्यानं बोल्ट घासला. इंडिकेटर टिकटिकत राहिला आणि काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मोटार पास झाली. मला आनंद झाला आणि पोटातही दुखलं, दोन्ही एकदमच. परतताना मी विचारलं, "मीच घेणार होतो हे ठाऊक असून मला कशाला बोलावलंत?"

"मग कुणाला बोलावू?" तो म्हणाला. "पोरगं मोबाइलात बघत कोणताबी रंग सांगेल. ज्याला गाडी पाहिजे, त्याचंच तिच्यावर ध्यान असतंय."

आता दर रविवारी मी हर्सूलला जातो. तो आडवा असतो, मी रंग सांगतो. क्वचित एखादी तार तो मला ओढूही देतो. पुढच्या महिन्यात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मग त्याला सगळं लख्ख दिसेल. सगळ्यांसारखं मीही म्हणतो, लवकर होऊन जाऊ दे. पण मनात येतं, डॉक्टरांना थोडी सवड नसली तरी चालेल.