माळावर न्यायचा रेडिओ

गणूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी संपली, पहिली पाळी संपली, पण चारची जाग गेली नाही. त्या दिवशी तो वरंधहून पहिल्या एस.टी.ने महाडला निघाला. रेडिओ घ्यायचा होता.

दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको जानकीबाई मजुरीने गवत कापायला डोंगरावरच्या माळावर जात. गवत संपेपर्यंत मुक्काम खोपीतच. वर वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. धाकटा मुलगा अश्वजित मस्कतला वेल्डिंगच्या कामावर होता. शुक्रवारी त्याचा फोन यायचा. माळावर असले की ते शुक्रवार कोरडे जात. जानकीबाईने यंदा सांगून टाकलं होतं, "मी नाय येत वर. पोराचा आवाज तरी कानावर पडूं दे."

जोडीशिवाय गवत होत नाही. एक कापतो, एक बांधतो. पण गणूला खरी टोचणी वेगळी होती. वर बसून तोही शुक्रवार मोजायचा. बोलायचा नाही एवढंच. रेडिओच्या शॉर्टवेव्हवर आखाती देशांची स्टेशनं लागतात, असं त्याला कुणी सांगितलं होतं.

बाजारपेठेतल्या अरविंदच्या दुकानात ट्रेकिंगला येणाऱ्या पोरांसाठी हाताने फिरवायचे रेडिओ ठेवलेले होते.

"काका, हा लाल घ्या. टॉर्च हाय, मोबाईल चार्ज होतो, सायरन पण वाजतो."

"सायरन जन्मभर ऐकला. शॉर्टवेव्ह हाय काय यात?"

"नाय, एफ.एम. फक्त."

"मग माळावर काय, माकडांना टॉर्च दाखवूं?"

दुसऱ्यात शॉर्टवेव्ह होतं आणि किंमत झेपणारी होती. तिसरा दणकट, लोखंडी दांड्याचा. पण त्याची किंमत ऐकून गणूने तो हळूच होता तिथे ठेवला. दुसऱ्याचं हँडल त्याने उघडलं. नवं होतं, जरा अडलं. कारखान्यात वॉल्व्ह अडला की मनगटाने एक हिसका द्यायचा, हे हाताच्या हाडात बसलेलं. हाताने हिसका दिला. कट्! प्लॅस्टिकचा दांडा मुठीत आला.

"अवो काका! कंपनीचा वॉल्व्ह हाय काय हा?"

"माझ्या हातून मोडला. माझाच झाला तो," गणू म्हणाला आणि मागल्या हंगामाच्या मजुरीतले पैसे पुढे केले. बदलून मागणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

घरी जानकीबाईने मोडका रेडिओ उलटापालटा करून पाहिला. "बरा बाजार केलास. मुका आणलास तो आणलास, वर लंगडा."

गणूने बांबूची खुंटी तासून दांडा बसवला. जोर लावला की खुंटी निसटे. हलकं, एका लयीत फिरवावं लागे, आणि ते त्याच्या हाताला जमेना. दोनदा निसटली तेव्हा जानकीबाईने रेडिओ ओढून घेतला. जात्यावरचा हात तो. दांडा गपचूप फिरू लागला.

"आता हा फिरवायला मला वर यावं लागणार म्हण की," ती पुटपुटली.

माळावर पहिल्याच संध्याकाळी, उन्हं कलताना, गणूने एक तार आंब्यावर टाकली आणि दुसरं टोक रेडिओच्या एरियलला गुंडाळलं. जानकीबाई फिरवत होती, तो काटा सरकवत होता. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. मग एकाएकी एक बाप्या बोलू लागला. भरदार आवाज, घशातून निघणारे शब्द.

"ही तिथलीच भाषा काय?" तिने विचारलं.

"असंल."

"असंल म्हंजे?"

"मी कुठं गेलोय गो तिकडं? पण सूर तसा वाटतोय. अश्वजितच्या फोनात मागं माणसं बोलतात, तसा."

"काय सांगतोय तो?"

"काय की."

"मग ठेव तसाच. काटा हलवूं नको."

मागल्या हंगामभर दोघांनी वाकून गवत कापलं होतं. त्या मजुरीत एवढंच आलं होतं: एक परका माणूस न कळणारं काही सांगत होता, आणि त्याचं सांगून होईपर्यंत जानकीबाईचा हात थांबला नाही.