काटेकाकांची घरची काडतुसं

काटेकाका बोलता बोलता एकदम उजवा हात वर करायचे. हात वर गेला की समोरच्यानं गप्प व्हायचं. मग तो मी असो, काकू असोत, नाहीतर दारात आलेला पार्सलवाला. एरवी माणूस पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. चहा उभ्यानं घ्यायचे, फोनवर बोलताना अंगणाला फेऱ्या घालायचे. पण तळघरातल्या त्या टेबलापाशी बसले की दगड. तिथं ते स्वतःच्या रायफलीची काडतुसं स्वतःच्या हातानं भरत.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. बंदुकीची दारू तोलायचा एक नाजूक काटा त्या टेबलावर होता, त्यावरून आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं ते नाव. माणूस मूळचा साताऱ्याचा. शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि इथल्याच एका लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झाले. हरणाच्या शिकारीचा नाद लॅबमधल्या एका गोऱ्या मित्रानं लावला. मित्र गेला, नाद राहिला.

आमची ओळख भांडणातून झाली. मी मुलाकडे कायमचा राहायला आलो त्या वर्षी मंडळाच्या जेवणात ते कुणाला तरी सांगत होते, "फॅक्टरीचं काडतूस म्हणजे रेडीमेड सदरा. बसतो सगळ्यांना, मापाचा कुणालाच नाही." मी नागपूरकडचा. सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेली, त्यातली बरीच वर्षं तपासणीच्या पट्ट्यावर. शाळा सातवीला सुटली, पण माझ्या नजरेखालून वाकडं काडतूस पुढे गेलं नाही. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणालो, "तो सदरा आम्हीच शिवत होतो साहेब. फौजेला कधी तोकडा पडला नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही एकट्यानं शिवलात?"

"एकट्यानं कशाला? एक जण टोपी बसवे, दुसरा दारू पाही, तिसरा गोळी. आणि सगळ्यांच्या मागं मी."

"म्हणजे कुणाचंच नाही," काका म्हणाले. "उद्या घरी या. एका माणसाचं काम दाखवतो."

गेलो. तेव्हापासून जवळजवळ रोजच जात राहिलो. सूनबाईला ते पसंत नव्हतं. "बाबा, तिथं बेसमेंटमध्ये नका ना बसू, इट्स नॉट सेफ," म्हणायची. मी तिला सांगितलं, तुझ्या किचनमधल्या गॅसपेक्षा मला दारू जास्त कळते.

काम असं चालायचं. उडवलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या काका नेमबाजीच्या रेंजवरून गोळा करून आणत, धूत, घासत, पुन्हा मापात आणत. खाली नवी टोपी बसवत, ठोका बसला की पेट घेऊन दारू पेटवणारी. मग सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत उभ्या करून काट्यावर तोललेली दारू एकेकीत ओतत. मध्ये कुणी बोललं की हात वर, आणि तोललेली दारू परत डब्यात. "तोलताना बोलणं झालं की मला माझाच भरवसा राहत नाही," म्हणायचे. ओतून झालं की टॉर्च घेऊन ठोकळ्यावर वाकायचे आणि प्रत्येक पुंगळीत दारू सारखी चढलीय ना ते बघायचे. शेवटी हाताच्या प्रेसनं वरून गोळी दाबायची. झालं काडतूस.

"आणि ही टॉर्च मारल्यावर दुसरं कोण बघतं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दुसरा कशाला हवा?"

"आमच्याकडे दुसरा असतो. त्याच्यावर तिसरा."

"कारण तुमचा एकमेकांवर भरवसा नाही, वानखडे."

"भरवसा आहे म्हणूनच तर बघतो."

हे भांडण मिटलंच नाही. काकू वरून ओरडायच्या, "अहो, चहा निवतोय, तुमची लढाई आटपा." मग आम्ही वर जायचो आणि चहावर पुन्हा तेच. "मी भरलेली फसली ना वानखडे, त्या दिवशी हे टेबल बंद," असं काका म्हणायचे, आणि फसणार नाही हे ठाऊक असल्यासारखे हसायचे.

शिकारीच्या मोसमाआधी ते डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या रेंजवर नेम तपासायला जात. मला गाडीत घालून नेत. मी बंदुकीला हात लावत नसे, कानाला संरक्षण चढवून मागं उभा राहायचो. गेल्या वर्षीच्या त्या दिवशी पहिल्या गोळ्या नीट गेल्या. मग एक आवाज आला तो आवाजच नव्हता. रायफलीनं नुसता श्वास सोडल्यासारखं झालं, आणि काकांच्या खांद्याला धक्का बसलेला मला दिसला नाही.

त्यांचे हात मात्र सवयीनं चालत होते. त्यांनी रिकामी पुंगळी काढली, पुढचं काडतूस आत सारलं. मी ओरडलो, "थांबा." त्यांचा उजवा हात वर गेला. गप्प. मी गप्प बसलो नाही. त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणालो, "नळीत गोळी अडकलीय काका. घोडा दाबू नका."

त्यांनी नळी खाली टेकवली, काडतूस काढून घेतलं. रेंजवरच्या माणसानं सळई घालून अडकलेली गोळी ठोकून बाहेर काढली. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती, टोपीच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीपर्यंत गेली होती. दुसरी झाडली असती तर नळी त्यांच्या तोंडाशी फुटली असती. काका ती गोळी तळहातावर घेऊन बाकावर बसले. मी त्यांना बाहेर असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"टॉर्च मारली होती मी," ते म्हणाले. "सगळ्या भरलेल्या दिसल्या मला."

 

दुसऱ्या दिवशी गेलो तर ते भरलेली सगळी काडतुसं हातोडीसारख्या अवजारानं आपटून मोकळी करत होते. गोळ्या एका डब्यात, दारू दुसऱ्यात.

"एका काडतुसासाठी सगळी मोडून राहिले तुम्ही?" मी म्हणालो.

"तुमच्या कारखान्यात काय केलं असतं?"

खोटं कसं बोलू? "सगळा लॉट अडवला असता," म्हणालो.

"मग बसा. गोळ्या वेचा."

मला वाटलं होतं, आता ते मला घेऊन टॉर्च मारतील. दोन म्हातारे, चार डोळे. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "मग ते काम माझं राहत नाही." काकूंनी मला जिन्यावर गाठलं. "बरं झालं तुम्ही होतात," म्हणाल्या. "आता ते मशीन कायमचं काढायला सांगा ना. तुमचं ऐकतील." मी मान हलवली आणि सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही.

आठवड्याभरात ते मला दुकानात घेऊन गेले आणि फॅक्टरीच्या काडतुसांचं एक खोकं घेतलं. दुकानाच्या पार्किंगमध्येच ते उघडून एकेक काडतूस बोटांत फिरवत बसले.

"कुणी भरलीत कोण जाणे," म्हणाले.

"माझ्यासारख्याच कुणीतरी. मागं उभा राहून बघणारा असणार एखादा."

"तुमचं नाव कधी लिहायचे का खोक्यावर?"

"नाही."

"वाईट वाटायचं?"

"मला ठाऊक होतं ना. बास झालं."

रेंजवर जाऊन त्यांनी एकच झाडली. भोक बरोबर मध्यावर पडलं. मी जिंकलो होतो. इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते समोरच्या कागदावर दिसत होतं, आणि मला तिथं उभं राहवेना. काका म्हणाले, "वाईट नाही. पण माझी नाही." त्यांनी रायफल पिशवीत घातली. त्या मोसमात शिकारीला गेले नाहीत.

प्रेस आणि काटा त्यांनी कुणा अनोळखी माणसाला विकून टाकला. उन्हाळा लागायच्या आत काकूंना घेऊन मुलीकडे सांता क्लाराला गेले. निघताना त्यांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला, आणि दोघांनी गाडीतल्या बॅगांवरून वाद घातला.

आता कधी कधी फोन करतात. मागून पावलांचा आवाज येत असतो, म्हणजे तिथंही फेऱ्या चालू आहेत. मीही इकडे सोसायटीच्या रस्त्यावर चालतच बोलतो, घरात बसवत नाही. परवा मध्येच त्यांनी विचारलं, "वानखडे, तुमच्याकडे तपासणीवाल्याचे डोळे गेले तर काय करायचे?"

"दरवर्षी डोळे तपासायचे. कमी दिसायला लागलं की त्या माणसाला पट्ट्यावरून काढून बागेच्या कामाला घालायचे, नाहीतर स्टोअरला."

"आणि त्याला सांगायचं कुणी?"

"साहेब सांगायचा. बोलावून, खुर्चीत बसवून."



"बरं होतं तुमचं," काका म्हणाले. "इथं मला मीच सांगितलं."