कारध्याला न पोचवलेला निरोप

मी कारध्याच्या यशोदाकाकूशी खोटं बोललो. १९८० साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तिच्याच ओसरीवर बसून, तिचाच चहा पीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — संघटनेत नाही, घरी नाही.

काकू बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात तेंदूची पानं. गल्लीतल्या साऱ्या बाया तिच्या ओसरीवर जमायच्या. संध्याकाळी सट्टेदार, म्हणजे कारखान्याचा ठेकेदार, बिड्या तपासायचा आणि खराब म्हणून मूठमूठ बाजूला काढायचा. ही छाट. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही — आणि बिडी मात्र त्याच्याच पोत्यात! लूट नाही तर काय? मी तेव्हा बिडी-कामगार संघटनेचा कार्यकर्ता; मी पत्रक काढलं : 'छाट कायमची बंद, नाहीतर काम बंद!'

काकू हसली. "बापू, तुया कागदात जर्दा भरून पाहू का? लय जोरात पेटन!"

खोटं बोललो त्या दिवशी सकाळी सट्टेदारानं मला नदीच्या पुलावर गाठलं. म्हणाला, "छाट बायायच्या समोर करू, छाटलेल्या बिड्या त्यायलेच वापस देऊ. विचारून सांग त्यायले."

विचारायचं होतं, एवढंच. पण मला निम्मं नको होतं. अर्धा न्याय म्हणजे गोड केलेलं विष — हे वाक्य माझंच, छापलेलं. बाया हो म्हणतील याची मला भीती वाटली. हो, भीतीच. ओसरीवर जाऊन मी सांगितलं, सट्टेदार काहीच द्यायला तयार नाही.

बायांनी सुपं उपडी केली, काम बंद. दिवाळीच्या आत सट्टेदारानं पानं-तंबाखू दुसऱ्या गावाला नेली. कारध्यात छाट कायमची बंद झाली. बिडीच उरली नाही, मग छाट कशाची?

काकू पोरीला घेऊन नागपूरला बांधकामावर निघाली. बसमध्ये चढताना माझी पाठ थोपटत म्हणाली, "कायले रडून राहिला बापू? थो नाईच म्हणे, त तू का करशीन?"

मी तिचं बोचकं आत चढवून दिलं, पुलावरचं तेव्हाही सांगितलं नाही.

आता नागपूरला गेलो की दिसेल त्या बांधकामापाशी थांबतो, घमेली वाहणाऱ्या बायांचे चेहरे पाहतो. कुठं ओल्या पानांचा वास आला की पाय त्या ओसरीकडे ओढ घेतात. घराला कुलूप आहे. काकूचा एक टोमणा ऐकायला जीव तुटतो — पण कोणत्या तोंडानं?

तुम्ही कुणासाठी लढत असाल तर आज जा, त्यांना विचारा. निम्म्याला ते हो म्हणाले, तर म्हणू द्या.